गाडीखाली ऑईल गळतंय: कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सारवलेल्या खळ्यात सकाळी काळा डाग दिसला की घरातला प्रत्येकजण निदान करायला लागतो. शेजारी म्हणतो हेड पॅकिंग गेलं, काका म्हणतात गाडी विकून टाक. प्रत्यक्षात गळती बहुतेक वेळा एखाद्या रबराच्या रिंगची, वॉशरची किंवा कडक झालेल्या पॅकिंगची असते. पैसे जास्त जातात ते भाग बदलण्यात नाही, चुकीचा भाग बदलण्यात. म्हणून खालच्या उत्तरांत दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर भर आहे. आकडे दिलेत ते सर्वसाधारण लहान गाड्यांचे. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

डाग इंजिन ऑईलचाच आहे हे कसं ओळखायचं?

लाल मातीवर किंवा जांभ्यावर रंग कळत नाही. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून रात्री इंजिनाखाली पसरा, आतली कोरी बाजू वर ठेवा आणि पुढचं चाक कुठे येतं तिथे पेनने खूण करा. सकाळी थेंब कुठे पडला, किती पडला आणि कुठल्या रंगाचा, हे तिन्ही एकदम कळतं.

इंजिन ऑईल नवीन असताना मधासारखं पिवळसर असतं, वापरल्यावर तपकिरी ते काळं होतं. डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हिरवं, गुलाबी किंवा निळं, पाण्यासारखं पातळ आणि किंचित गोड वासाचं असेल तर ते कूलंट. लाल आणि तेलकट असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑईल. गिअर ऑईल जास्त दाट, आणि त्याचा उग्र गंधकासारखा वास बोटावरून लवकर जात नाही. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बुळबुळीत द्रव दिसला तर तो ब्रेक ऑईल असू शकतो. तेव्हा पुढचं काही वाचत बसू नका, गाडी उभीच ठेवा आणि मेस्त्रीला घरी बोलवा.

आणि ते नुसतं पाणी असेल तर? मार्चपासून पाऊस लागेपर्यंत किनाऱ्यावरच्या दमट हवेत एसी इतकं पाणी गाळतो, की तासाभराच्या प्रवासानंतर गाडीखाली लहानसं थारोळं साचतं. स्वच्छ, बिनवासाचं, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूने गाडीबाहेर जमिनीवर पडणारं पाणी म्हणजे एसी नीट चालू आहे.

गळती दिसली, पण आज रत्नागिरीला जायलाच हवं. गाडी चालवू का?

दोन गोष्टींवर ठरवा: ऑईलची पातळी आणि लाल दिवा. ऑईल मोजायच्या पट्टीवर पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल, थेंब थेंब गळत असेल आणि बॉनेटमधून धूर किंवा जळका वास येत नसेल, तर सोबत त्याच ग्रेडचं एक लिटर ऑईल ठेवून जा आणि पोचल्यावर पुन्हा पट्टी बघा.

चालत्या गाडीत ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर मात्र विचार करायला वेळ नसतो. हा दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचा दाब पडला असं सांगतो. दाब नाही म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत ऑईल पोचत नाही, आणि मग इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात. सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा. "पुढच्या फाट्यापर्यंत नेऊ" या विचारापायी पूर्ण इंजिन बांधावं लागतं. टोचन करून नेणं केव्हाही स्वस्त.

धार लागली असेल, किंवा गरम सायलेन्सरवर ऑईल पडून धूर येत असेल, तरीही चालवायचं नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलेलं ऑईल पेटू शकतं.

ऑईलची पट्टी बरोबर कशी बघायची?

सपाट जागेवर, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्याकडे हेच अवघड. घर उतारावर, वाडीचा रस्ता उतारावर, खळ्यालाही पावसाचं पाणी जायला ढाळ. पेट्रोल पंपाची किंवा एसटी स्टँडसमोरची सपाट जागा बरी. इंजिन बंद करून पाचदहा मिनिटं थांबा, पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि मग वाचा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका.

बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं. म्हणजे पट्टी निम्म्यावर आली तर साधारण अर्धा लिटर कमी. एकदम लिटरभर ओतू नका. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑईल क्रँकने घुसळून फेसाळतं, इंजिनातला दाब वाढतो आणि धड असलेल्या सीलमधूनही गळायला लागतं.

पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. त्यात कूलंट किंवा इंधन मिसळतंय. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या फिल्टरची काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. ती प्रक्रिया अर्धवट राहिली की डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, उतरतं. रोज घर ते बाजार एवढाच फेरा मारणाऱ्या गाड्यांत हे बऱ्याचदा होतं. अशा गाडीला अधूनमधून हायवेवर अर्धा तास एका वेगात धावू द्यावं, आणि पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर ऑईल बदलून घ्यावं.

गळती नेमकी कुठून आहे हे कसं शोधायचं?

आधी धुवायचं, मग बघायचं. चिखल, धूळ आणि जुनं ऑईल यांचा थर चढलेल्या इंजिनावर ताजी गळती ओळखणं अनुभवी मेस्त्रीलाही जमत नाही. तो अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाचं बिल तुम्ही भरता.

इंजिन कोमट असताना, गरम नव्हे, डीग्रीजर मारा. ते नसेल तर ब्रशने थोडं रॉकेल किंवा डिझेल लावा. पेट्रोल कधीही नाही. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड आधी प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घ्या. हळू धारेने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाईप थेट वायरिंगवर मारू देऊ नका, नाहीतर ऑईलची तक्रार घेऊन गेलेली गाडी इलेक्ट्रिकची तक्रार घेऊन परत येते.

इंजिन वाळलं की पंधरावीस किलोमीटर चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. ऑईल खाली उतरतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. म्हणून थेंब जिथून पडतो ती जागा दोषी असेलच असं नाही. ओल सुरू होते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातून टपकणारं ऑईल पुष्कळदा वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेलं असतं आणि ब्लॉकच्या बाजूने ओघळत खाली आलेलं असतं. हात पोचत नाही तिथे मोबाईलचा कॅमेरा घाला आणि व्हिडिओ काढा.

तरीही कळलं नाही तर संशयाच्या जागेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि पुन्हा थोडी चालवा. पांढऱ्यावर ओलसर रेघ स्पष्ट उठते. चिवट गळतीसाठी ऑईलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून एकदोन दिवस गाडी वापरायची आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायचं, गळतीची वाट पिवळसर-हिरवी चमकते. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ही सोय असते, गावातल्या गॅरेजात क्वचितच.

मेस्त्रीकडे गाडी नेतानाही हेच सांगा: "मेस्त्री, आधी धुऊन द्या, मी दोन दिवसांनी परत आणतो, मग कुठून येतंय ते दाखवा." चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही.

सहसा कुठून गळतं?

जुन्या गाडीत पहिला संशय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालचं हे रबर उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून प्लास्टिकसारखं कडक होतं आणि ओल सुटते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत याच कव्हरमध्ये प्लगच्या विहिरींची, म्हणजे प्लग बसतात त्या खोल भोकांची, सील असतात. ती गेली तर ऑईल बाहेर दिसतच नाही, प्लगच्या विहिरीत साचतं आणि गाडी मिसिंग मारते. कॉईल उचलून बघितल्यावर तिचं टोक ऑईलने माखलेलं निघालं, की उत्तर मिळालं.

त्यानंतर ऑईल फिल्टर आणि चेंबरचा नट, म्हणजे जुनं ऑईल सोडायचा तळाचा नट. ऑईल बदलल्यावर लगेच सुरू झालेली गळती जवळपास नेहमी या दोघांपैकी एकाची असते.

लोक ज्याला विसरतात तो ऑईल प्रेशर स्विच. अंगठ्याएवढा भाग, ब्लॉकमध्ये फिरवून बसवलेला. त्याच्या आतलं सील फुटलं की ऑईल वायरच्या सॉकेटमधून बाहेर येतं आणि खाली चेंबरवर पसरतं. मग चेंबरचं पॅकिंग विनाकारण बदललं जातं. सॉकेट काढून आत ऑईल आहे का बघायला मिनिटभर लागतं.

चेंबरचा सांधा स्वतःहून कमी गळतो, आपटल्यावर किंवा पूर्वी कोणी घाईत बसवल्यावर जास्त. टर्बो डिझेलमध्ये टर्बोकडून ऑईल परत आणणारा पाईप आणि त्याची वॉशरं बघावीत.

पुढचं क्रँक सील पुलीच्या मागे असतं. तिथून उडालेलं ऑईल चाकाच्या बाजूच्या प्लास्टिकवर गोल फेकल्यासारखं दिसतं. ज्या गाडीत रबराचा टायमिंग बेल्ट आहे तिथे हे लांबणीवर टाकू नका. ऑईल प्यालेला बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. सील बदलताना माखलेला बेल्टही बदलायचा, पुसून परत घालायचा नाही.

मागचं क्रँक सील सगळ्यात महाग, त्याचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे. हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या हेड पॅकिंगमधून बाहेर ऑईल गळणं त्या मानाने विरळ, पण नाव मात्र त्याचंच आधी घेतलं जातं.

कालच सर्व्हिसिंग झालं आणि आज गळायला लागलं. काय झालं असेल?

जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला, असं होतं. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत, दाब आला की ऑईल जोरात बाहेर येतं. ही गळती थेंबाची नसते, थोड्या वेळात चेंबर रिकामा करणारी असते. गाडी तिथेच थांबवा.

दुसरी शक्यता नटाखालच्या वॉशरची. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर एकदा दाबलं गेलं की त्याचं काम झालं. दर वेळी नवं घालायचं, किंमत नगण्य. ते जुनंच ठेवून गळती थांबवण्यासाठी नट अजून आवळला जातो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. लहान गाड्यांत हा नट साधारण ३० ते ४० न्यूटन मीटरला आवळतात. लांब पाईप लावून ताकद काढायचं काहीच कारण नाही. आटे गेलेच तर हेलिकॉईल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालून दुरुस्त होतात. जाडा नट ठोकून बसवणारा भेटला तर नको म्हणा.

तिसरी शक्यता अशी, की काही गळतच नाही. फिल्टर काढताना सांडलेलं ऑईल इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर (क्रॉसमेंबरवर) साचलेलं असतं आणि दोन दिवस टपकत राहतं. पुसा, पुठ्ठा ठेवा, मग भांडा.

वाडीच्या रस्त्यावर चेंबर दगडावर आपटला. आता?

पाऊस संपला की पाखाडीवजा रस्त्यांच्या मधोमध जांभ्याचे दगड उघडे पडतात. चाकं दोन्ही चरांत, मधला उंचवटा थेट चेंबरला. आवाज आला की थांबा, उतरा, खाली बघा. ऑईलची धार असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नका.

गळत नसेल तरी खाली वाकून चेंबर बघा. ॲल्युमिनियमचा चेंबर तडकतो, पत्र्याचा आत दबतो. दबलेला चेंबर वरकरणी निरुपद्रवी वाटतो, पण आत ऑईल ओढून घेणारी जाळी तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. पत्रा तिला टेकला तर थेंबही न गळता ऑईलचा दाब पडतो. आपटल्यानंतर लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी चेंबर उतरवून बघायला हवा.

लांब आडरानात अडकलात आणि भोक लहान असेल, तर जागा पूर्ण कोरडी व तेलरहित करून दोन भागांचं एपॉक्सी एम-सील लावता येतं. ते कडक होईपर्यंत थांबून, ऑईल भरून, हळू गॅरेजपर्यंत यायचं. हा गॅरेजपर्यंतचाच उपाय आहे. पेट्रोलच्या टाकीला साबण चोळायची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती इथे चालत नाही, गरम ऑईलमध्ये साबण टिकत नाही.

विम्याचंही बघा. सर्वसमावेशक पॉलिसीत चेंबर फुटल्याचं नुकसान मागता येतं. पण फुटलेल्या चेंबरने तशीच गाडी चालवून इंजिन जाम केलं, तर तो पुढचा खर्च साध्या पॉलिसीत सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. फोटो काढा, कंपनीला आधी कळवा, मग गाडी हलवा.

खाऱ्या वाऱ्याने गळती होते का?

होते, पण सीलमुळे नाही, पत्र्यामुळे. पत्र्याच्या चेंबरचा रंग खडीने उडतो, तिथे गंज धरतो. मालवण-वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत समुद्राला लागून राहणाऱ्यांच्या गाड्यांत हा गंज आतल्या गावांपेक्षा लवकर दिसतो. आधी फोड येतात, मग घाम आल्यासारखी ओल, मग थेंब. फोड दिसत असतानाच गंज घासून, प्रायमर आणि रंग मारला तर चेंबर अनेक वर्षं चालतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पत्रा दबत असेल तर रंगाचा उपयोग नाही, नवा चेंबर घ्या.

पुळणीवर गाडी घालायची हौस असेल, किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीचं पाणी उडालं असेल, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. गाडी वाळूत रुतली तर इंजिन घुमवत बसण्यापेक्षा दोन माणसं बोलवावीत.

पावसाळ्यात ऑईलच्या टोपणाखाली पांढरट साय दिसते. हेड पॅकिंग गेलं?

लगेच तसं ठरवू नका. जून ते सप्टेंबर हवेत खूप दमटपणा असतो, त्यात छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, मग आतली वाफ टोपणाखाली थंड होते आणि ऑईलमध्ये मिसळून साय धरते. पट्टी बघा. पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर टोपण पुसा आणि गाडी एकदा लांब चालवून आणा. पट्टीवरच दुधाळ ऑईल दिसलं, कूलंट कमी होत असेल किंवा गाडी तापत असेल, तर मात्र हेड पॅकिंग किंवा ऑईल कूलर तपासावा लागेल आणि तोवर गाडी चालवायची नाही.

पुराचं पाणी इंजिनपर्यंत आलं होतं.

चावी फिरवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा वेळी सुरू करून बघायचा मोह होतो, पण सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, गाडी उचलून न्या, चेंबरचा नट काढून खाली काय येतं ते बघा. पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने आधी पाणीच येतं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येईल का?

हाताने काम करायची सवय असेल आणि वरती मोठे पाईप, इंजेक्टर वगैरे अडथळे नसतील तर येईल. लहान पेट्रोल गाडीत एक सकाळ पुरते. डिझेलमध्ये इंधनाच्या उच्च दाबाच्या लाईन आड येतात, तिथे स्वतः हात घालू नका.

इंजिन पूर्ण थंड हवं. कॉईल, वायरी, ब्रीदरचा (इंजिनातला गॅस काढून घेणारा) पाईप काढताना मोबाईलवर फोटो काढत जा. कुठलाही नट काढण्याआधी आजूबाजूची माती पुसा, ती आत पडली तर काम वाढतं. बोल्ट बहुधा १० नंबरच्या गोटी पान्याने निघतात. कव्हर अडकलं तर रबरी हातोडीने हलकेच ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचललंत तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि नवं पॅकिंगही तिथून गळतं.

जुनं पॅकिंग काढून दोन्ही बाजू कोरड्या, तेलरहित करा. प्लास्टिकचं कव्हर असेल तर उजेडाकडे धरून तडा बघा, कारण तडकलेल्या कव्हरवर कितीही पॅकिंग बदला, व्यर्थ आहे. नवं रबरी पॅकिंग खाचेत बसवा, प्लगच्या विहिरींची सील त्याच वेळी बदला. सिलिकॉन सगळीकडे फासायचं नाही. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे जुळतात तिथे, मॅन्युअल सांगेल त्या कोपऱ्यांवरच, वाटाण्याएवढा ठिपका. जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं, तुटून ऑईलसोबत खाली जातं आणि चेंबरमधल्या जाळीवर चिकटतं.

बोल्ट आधी हाताने, मग मधून कडेकडे, आलटूनपालटून. टॉर्क फारच थोडा असतो, साधारण ८ ते १० न्यूटन मीटर. गळतं म्हणून जोर लावलात तर बोल्ट तुटेल किंवा कव्हर वाकेल. सिलिकॉन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, पूर्ण कडक व्हायला बहुतेकांना २४ तास लागतात. संध्याकाळी काम संपवून रात्री पाहुण्यांना कणकवली स्टेशनवर सोडायला निघालात की सगळं पुन्हा.

गाडी चिऱ्यांवर उचलून खाली शिरलं तर चालेल?

नाही. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, भिंतीत भार सहन करतो तो सगळीकडून सारखा पडतो म्हणून. जॅकच्या टोकाएवढ्या जागेवर गाडीचं वजन आलं की चिरा सूचना न देता फुटतो. नुसत्या जॅकवरही शिरू नका. धातूचे स्टँड किंवा रॅम्प वापरा, जमीन कठीण आणि सपाट हवी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावा. एवढी सोय नसेल तर गॅरेजचा पिट आहेच.

पॅकिंग दोनदा बदललं, तरी पुन्हा गळतं. मेस्त्री चुकतोय का?

कदाचित पॅकिंग नाही, ब्रीदर चोंदलाय. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर न जाता इंजिनातच खेचून जाळायची सोय म्हणजे ब्रीदर आणि त्याचा व्हॉल्व्ह. त्यात चिकट गाळ बसला की आतला दाब वाढतो आणि ऑईल सगळ्यात कमकुवत सांध्यातून वाट काढतं. एक बंद केला की दुसरा. म्हणूनच एकाच वेळी दोनतीन ठिकाणी ओल दिसली तर पॅकिंगची यादी करण्याआधी ब्रीदर बघायचा.

पेट्रोल गाडीत सोपी चाचणी: इंजिन सुरू, गाडी न्यूट्रलमध्ये. ऑईल भरायचं टोपण काढून तोंडावर पातळ कागद ठेवा. कागद किंचित आत ओढला गेला तर ठीक. तो उडून जात असेल, फुकफुक करत गॅस बाहेर येत असेल, तर ब्रीदर साफ करा किंवा व्हॉल्व्ह बदला. त्यानंतरही तसंच असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या असतील, आणि तो मोठा विषय आहे.

गळती थांबवणारं औषध ऑईलमध्ये टाकावं का? की दाट ऑईल भरावं?

औषध कडक झालेलं रबर फुगवतं आणि मऊ करतं. सीलमधली बारीक ओल त्याने काही महिने कमी होऊ शकते. फाटलेल्या पॅकिंगवर, तडकलेल्या चेंबरवर, सैल नटावर त्याचा काही उपयोग नाही. गाडी विकायच्या आधी डाग लपवायला लोक ते वापरतात, म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन नुकतंच धुतलेलं असेल तर दोन दिवसांनी पुन्हा बघायला जा.

दाट ऑईलचा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. जुन्या इंजिनात मॅन्युअल एकाहून जास्त ग्रेड मान्य करत असेल, तर त्यातलं दाट घ्यायला हरकत नाही. पण ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० साठी बनलेल्या नव्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणं चूक आहे. सकाळी सुरू करताना ऑईल वरपर्यंत पोचायला उशीर लागतो आणि झीज वाढते. बीएस-६ डिझेलमध्ये धुराच्या फिल्टरला चालणारं, कमी राखेचंच ऑईल हवं.

मेस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच गरज असते का?

मागचं क्रँक सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसलेलं असतं. ते गेलं असेल तर दुसरा रस्ता नाही. सील स्वस्त, मजुरी महाग. म्हणून खात्री करूनच हो म्हणा. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाच्या खालून ऑईल येतंय, एवढ्यावर ठरवू नका. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळलेलं ऑईल नेमकं तिथेच जमतं. वरचा भाग धुऊन, कोरडा ठेवून पुन्हा बघायला लावा. ओघळलेल्या थेंबाचा वासही घ्या. उग्र वास असेल तर ते गिअर ऑईल, आणि दोषी सील गिअरबॉक्सचं.

आंबा घाट किंवा आंबोली चढताना क्लच घसरतोय, जळका वास येतोय, तर ऑईल क्लच प्लेटवर पोचलेलं असू शकतं. मग गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्लच प्लेट आणि बेअरिंगची अवस्था बघून तेही त्याच मजुरीत बदलून घ्या.

ऑईल कमी होतं, पण खाली डाग अजिबात नाही.

मग ते बहुधा जळतंय. सकाळी सुरू करताना निळसर धुराचा झोत येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सील, रेस केल्यावर सतत निळा धूर असेल तर रिंगा किंवा टर्बो. थोडं ऑईल प्रत्येक इंजिन खातं. किती चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. वहीत किलोमीटर आणि भरलेलं ऑईल लिहून ठेवा, अंदाजाने बोलण्यापेक्षा मेस्त्रीलाही ते उपयोगी पडतं.

मुंबईत राहतो, गाडी गावी असते. वापर फक्त शिमग्याला आणि गणपतीत.

उभ्या गाडीचं सील सुकून कडक होतं आणि पहिल्या लांब प्रवासात गळतं. गावातल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा वीसेक मिनिटं चालवायला सांगा. नुसती जागेवर सुरू ठेवली तर ती पुरती तापत नाही आणि आत ओलावा धरते. आल्यावर पहिल्या दिवशी पुठ्ठा, पट्टी आणि मग प्रवास. गणपतीच्या गर्दीत महामार्ग ६६ वर गाडी बंद पडली तर टोचन मिळायलाच अर्धा दिवस जातो.

डाग कसा काढायचा आणि जुनं ऑईल कुठे टाकायचं?

ताज्या डागावर भाताचा तूस, लाकडाचा भुसा किंवा चुलीतली थंड राख टाका, रात्रभर ठेवा, झाडून घ्या आणि मग कपड्याची पावडर घालून घासा. फरशीवर निघतं. जांभ्यात मात्र ते मुरतं, पूर्ण निघत नाही. मातीवर सांडलं तर वरचा थर खरवडून पिशवीत भरा, विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर नक्कीच.

वापरलेलं ऑईल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते कॅनमध्ये भरून, झाकण लावून, ऑईल बदलणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या, तिथून ते शुद्धीकरणासाठी गोळा होतं. वाळवीसाठी मांगराच्या खांबांना काळं ऑईल फासायची जुनी पद्धत आहे. पहिल्या पावसात त्यातलं बरंच धुऊन परसात उतरतं, त्यामुळे विहीर किंवा भाजीचा वाफा जवळ असेल तर तिथे बाजारातलं वाळवीचं औषधच वापरा.